औषध तयार आहे, पण पेशीत पोचवणार कोण?

गेल्या काही वर्षांत पुण्यातल्या घराघरांत चार वेगवेगळ्या गोष्टींची चर्चा झाली. २०२१ मध्ये एका दुर्मिळ आजाराच्या बाळांसाठी लागणाऱ्या १६ कोटींच्या इंजेक्शनसाठी लोकांनी ऑनलाइन वर्गणी भरली. त्याच वर्षी हडपसरच्या सिरम इन्स्टिट्यूटमध्ये तयार झालेली कोविशिल्ड आपल्यापैकी बहुतेकांनी दंडात टोचून घेतली. अलीकडे हृदयरोगतज्ज्ञ काही रुग्णांना सांगतात, की वाईट कोलेस्टेरॉलसाठी आता सहा महिन्यांतून एकदा घ्यायचं इंजेक्शन आलं आहे. आणि डिसेंबर २०२४ मध्ये रशियाने कॅन्सरवरच्या एमआरएनए लसीची घोषणा केल्यापासून ‘कॅन्सरवर लस सापडली’ हा निरोप व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतोच आहे.

वरवर पाहता यांचा एकमेकांशी काही संबंध नाही. पण चारही ठिकाणी औषध म्हणून शरीरात जातो तो डीएनएचा किंवा आरएनएचा एक तुकडा. तो बनवणं आता फारसं अवघड राहिलेलं नाही. खरा घाम निघतो तो हा तुकडा योग्य पेशीच्या आत सुखरूप नेताना. हे काम करणाऱ्या अतिसूक्ष्म कणाला नॅनोवाहक म्हणतात. बातमी वाचताना आपलं लक्ष औषधाच्या नावाकडे जातं. मला वाटतं, आधी वाहकाची चौकशी करायला हवी. औषध कोणत्या अवयवापर्यंत जाईल, ते पुन्हा घेता येईल का, किती थंड ठेवावं लागेल आणि त्याची किंमत काय असेल, हे बरंचसं तोच ठरवतो.

गोळी आणि आरएनए यांत फरक काय?

शरीरातली जवळपास सगळी कामं प्रथिनं करतात. अन्न पचवणं, ऑक्सिजन वाहून नेणं, स्नायू हलवणं, सगळं त्यांचंच काम. कोणतं प्रथिन कसं बनवायचं ही माहिती डीएनएत असते आणि डीएनए पेशीच्या केंद्रकात राहतो. गरज पडली की त्यातल्या एका जनुकाची नक्कल काढली जाते. ती नक्कल म्हणजे संदेशवाहक आरएनए, म्हणजेच एमआरएनए. ती केंद्रकाबाहेर येते, तिच्याबरहुकूम प्रथिन तयार होतं आणि काम झालं की पेशी ती नक्कल मोडून टाकते.

आपण घेतो त्या बहुतेक गोळ्या तयार झालेल्या प्रथिनाला जाऊन चिकटतात आणि त्याचं काम अडवतात. त्यासाठी त्या प्रथिनावर औषध नीट बसेल अशी खोबण लागते. अनेक रोगकारक प्रथिनांवर ती सापडतच नाही. आरएनएची औषधं एक पायरी आधी, नकलेच्या पातळीवर काम करतात. एक तर शरीराला जे प्रथिन हवं आहे त्याची नवी नक्कल आत पाठवायची. एमआरएनए लस हेच करते. नाहीतर नको असलेल्या प्रथिनाची नक्कल शोधून तिचे तुकडे करायचे. हे दुसरं काम करणाऱ्या, साधारण वीस-बावीस अक्षरांच्या (म्हणजे रासायनिक घटकांच्या) दुपदरी तुकड्याला एसआयआरएनए म्हणतात. आपण त्याला गप्प करणारा आरएनए म्हणू. पेशींमध्ये जनुक गप्प करण्याची ही सोय मुळातच असते, हे अँड्र्यू फायर आणि क्रेग मेलो यांनी १९९८ मध्ये एका इवल्याशा जंतावर प्रयोग करून दाखवलं. २००६ मध्ये त्यांना नोबेल मिळालं.

यात मोहून टाकणारी गोष्ट अशी, की जनुकातल्या अक्षरांचा क्रम कळला की औषधाचा क्रम संगणकावर बसून लिहिता येतो. रोग बदलला की अक्षरं बदलायची. नव्या गोळीचा रेणू शोधायला लागतात तशी वर्षानुवर्षं यात जात नाहीत. मग १९९८ मध्ये सापडलेल्या या युक्तीचं पहिलं औषध बाजारात यायला २०१८ का उजाडलं? ती वीस वर्षं मुख्यतः वाहक शोधण्यात गेली.

नुसता आरएनए टोचला तर?

पहिली अडचण रक्तातच उभी राहते. आरएनए कापणारी एन्झाइम रक्तात, घामात, आपल्या बोटांवर, सगळीकडे असतात. पाषाणच्या एनसीएल-आयसर किंवा विद्यापीठातल्या एनसीसीएस या संशोधन संस्थांच्या प्रयोगशाळेत आरएनएवर काम करणाऱ्या कुणालाही विचारा. हातमोज्यांशिवाय नमुन्याला हात लावला तर तो वाया गेलाच म्हणून समजा. त्यातून वाचला तर मूत्रपिंड आहेच. गप्प करणारा आरएनए इतका लहान असतो की तो गाळला जाऊन लवकरच लघवीवाटे निघून जातो.

तेवढ्यातूनही तो पेशीपाशी आला तरी पेशीचं आवरण मेदाचं, म्हणजे स्निग्ध पदार्थांचं बनलेलं असतं. आरएनएवर ऋण विद्युतभार असतो आणि तो पाण्यात रमणारा रेणू आहे. मेदाच्या पडद्यातून आपोआप आत शिरणं त्याला जमत नाही. शिवाय बाहेरून आलेला आरएनए म्हणजे विषाणूचा हल्ला, असं शरीराची संरक्षणयंत्रणा पिढ्यान्‌पिढ्या शिकलेली आहे. ती लगेच धोक्याचा इशारा देते, सूज आणते, ताप आणते. कॅटलिन कारिको आणि ड्र्यू वाइसमन यांनी २००५ मध्ये दाखवलं, की आरएनएच्या एका अक्षराची रासायनिक ठेवण थोडी बदलली तर हा इशारा खूपच मंदावतो. त्यांच्या कामाला २०२३ चं नोबेल मिळालं. पण त्यांच्या बदललेल्या आरएनएलाही पेशीत जायला वाहक लागलाच.

वाहकाशिवाय काहीच चालत नाही, असंही नाही. अहमदाबादच्या झायडसची २०२१ मध्ये परवानगी मिळालेली झायकोव्ह-डी ही माणसांसाठीची जगातली पहिली डीएनए लस होती. तिच्यातला डीएनए उघडाच, सुईविरहित यंत्राच्या जोरदार धारेने कातडीत सोडला जातो. मात्र असं काही थेट टोचता येईल अशा जागी, थोड्या पेशींपुरतंच जमतं. यकृत, फुप्फुस किंवा मेंदू गाठायचा असेल तर वाहक हवाच.

दुधात हे आधीपासून आहे

पाण्यात न टिकणारी वस्तू पाण्यातूनच वाहून न्यायची, ही अडचण निसर्गाने फार पूर्वी सोडवली आहे आणि त्याचा नमुना रोज सकाळी आपल्या दारात येतो. दुधात जेवढं कॅल्शियम असतं तेवढं साध्या पाण्यात विरघळून राहूच शकत नाही. ते खाली बसेल, खडे होतील. तरीही दुधात ते एकसारखं पसरलेलं असतं, कारण केसिन नावाच्या प्रथिनाचे सूक्ष्म गोळे ते पोटात धरून ठेवतात. दुधातलं साधारण दोन तृतीयांश कॅल्शियम असं गोळ्यांत असतं. या गोळ्यांचा सरासरी व्यास शे-दीडशे नॅनोमीटर भरतो. एक नॅनोमीटर म्हणजे मीटरचा एक अब्जावा भाग. आपल्या केसाची जाडी ऐंशी हजार ते एक लाख नॅनोमीटर असते.

प्रत्येक गोळ्यावर सारखाच विद्युतभार असतो, म्हणून ते एकमेकांना दूर ठेवतात आणि दूध वाहतं राहतं. आता त्यात लिंबू पिळा. आम्लता वाढली की तो भार नाहीसा होतो, गोळे एकमेकांना चिकटतात आणि दूध फाटतं. त्याच वेळी आतलं कॅल्शियम सुटून पाण्यात उतरू लागतं. म्हणजे वाहक साध्या वातावरणात माल धरून ठेवतो आणि आंबट वातावरणात सोडतो. बाळाच्या पोटात आम्ल असतं हे लक्षात घेतलं तर या रचनेचं कौतुक वाटल्याशिवाय राहत नाही.

आरएनए वाहून नेणाऱ्या सर्वांत यशस्वी कणाचं सगळं मर्म आम्लतेवर बदलणाऱ्या याच विद्युतभारात आहे.

चार पदार्थांचा मेदकण

या कणाचं पूर्ण इंग्रजी नाव लिपिड नॅनोपार्टिकल. आपण मेदकण म्हणू. साधारण ८० ते १०० नॅनोमीटरचा हा कण चार प्रकारच्या मेदांचा बनलेला असतो. त्यात कोलेस्टेरॉल असतं, तेच, रक्त तपासणीत आपण ज्याला घाबरतो ते. इथे ते कणाच्या भिंतीतल्या फटी बुजवून त्याला घट्टपणा देतं. पेशीच्या आवरणात असतो तसा एक फॉस्फरसयुक्त मेद असतो. पेग नावाची लांब, पाणी धरणारी साखळी जोडलेला मेद थोडासा असतो. त्यामुळे कण एकमेकांना चिकटत नाहीत आणि त्यांचा आकार काबूत राहतो.

चौथा पदार्थ सर्वांत महत्त्वाचा. त्याला आयनीकरणक्षम मेद म्हणतात, म्हणजे आम्लात धन विद्युतभार घेणारा आणि रक्तासारख्या वातावरणात तो सोडून देणारा. त्याच्याआधीच्या पिढीतल्या वाहकांवर कायमचा धन भार असायचा. ते ऋण भाराच्या आरएनएला छान धरून ठेवत, पण शरीरात गेल्यावर दिसेल त्या पेशीला चिकटत आणि त्यांना विषारी ठरत. भार हवा तेव्हाच हवा आणि नको तेव्हा अजिबात नको, हे साधायला कॅनडातल्या व्हँकुव्हरमधल्या पीटर कलिस यांच्यासह अनेक गटांची कित्येक वर्षं खर्ची पडली.

कारखान्यात काय करतात ते पाहा. हे चारही मेद अल्कोहोलमध्ये विरघळवतात. आरएनए आम्लयुक्त पाण्यात असतो. दोन्ही धारा एका बारीक जोडनळीत वेगाने एकमेकींत मिसळतात. आम्लामुळे मेदावर धन भार येतो, तो आरएनएला पकडतो आणि क्षणार्धात कण आपोआप जुळून येतात. मग आम्ल आणि अल्कोहोल काढून टाकतात. भार नाहीसा होतो, पण आरएनए तोवर आत बंद झालेला असतो. धारांचा वेग आणि प्रमाण जरा बिघडलं तर कण लहान-मोठे होतात आणि अख्खी खेप फेकावी लागू शकते. या क्षेत्रातलं खरं कसब इथे आहे.

शरीरात गेल्यावर पेशी या कणाला बाहेरून वेढते आणि आत ओढून घेते. पण आत घेतलेली वस्तू ती आधी एका छोट्या पिशवीत बंद करते, जिला एंडोसोम म्हणतात. ही पिशवी हळूहळू आंबट होत जाते आणि शेवटी आतल्या वस्तूचं पचन होतं. इथे आपल्या आयनीकरणक्षम मेदाला पुन्हा आम्ल भेटतं. त्याच्यावर पुन्हा धन भार येतो, तो पिशवीच्या ऋण भाराच्या भिंतीत घुसतो, भिंत फाटते आणि आरएनए पेशीच्या मुख्य द्रवात सुटतो.

मात्र हे सगळ्याच कणांना जमत नाही. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोजणीत पिशवीतून सुखरूप सुटलेला आरएनए अवघा १ ते २ टक्के निघाला. बाकीचा आतच पचला. एवढ्याशावर आजची औषधं उभी आहेत. हे प्रमाण दुप्पट करता आलं तरी त्याच परिणामासाठी निम्मा डोस पुरेल, दुष्परिणाम कमी होतील, खर्चही उतरेल. कॅन्सरच्या मोठमोठ्या घोषणांपेक्षा मला या १-२ टक्क्यांच्या बातमीची जास्त वाट असते.

सगळं यकृतातच का जातं?

शिरेतून दिलेल्या मेदकणांवर रक्तातलं एपीओई नावाचं प्रथिन येऊन बसतं. हेच प्रथिन कोलेस्टेरॉलच्या नैसर्गिक कणांवरही बसतं आणि यकृताच्या पेशी त्याला ओळखून असे कण आत घेतात. शिवाय यकृतातल्या रक्तवाहिन्यांच्या भिंतींत सूक्ष्म झरोके असतात, त्यातून एवढे छोटे कण सहज पलीकडे जातात. म्हणून गप्प करणाऱ्या आरएनएची सुरुवातीची औषधं यकृताचीच निघाली. ऑगस्ट २०१८ मध्ये अमेरिकेत परवानगी मिळालेलं पॅटिसिरॅन हे त्यातलं पहिलं. यकृतात तयार होणारं एक सदोष प्रथिन नसांमध्ये साचून माणूस पंगू होतो, अशा आनुवंशिक आजारावरचं ते औषध आहे.

पॅटिसिरॅनमध्ये मेदकण आहेत. ते दर तीन आठवड्यांनी शिरेतून द्यावं लागतं आणि आधी स्टेरॉइड व अ‍ॅलर्जीविरोधी औषधं द्यावी लागतात. त्याच आजारावर २०२२ मध्ये दुसरं औषध आलं, व्हुट्रिसिरॅन. त्यात मेदकण नाहीतच. रसायनाने टिकाऊ केलेल्या आरएनएला यकृताच्या पेशींना ओळखता येईल अशी साखर थेट जोडली आहे. हे कातडीखाली, तीन महिन्यांतून एकदा टोचलं तरी पुरतं. आजार तोच, गप्प करायचं जनुक तेच. नेण्याची रीत बदलली आणि रुग्णाच्या रुग्णालयातल्या फेऱ्या कमी झाल्या.

कोलेस्टेरॉलचं सहा महिन्यांचं इंजेक्शन, इन्क्लिसिरॅन, हे असंच साखर जोडलेलं औषध आहे. पहिल्या डोसनंतर तीन महिन्यांनी दुसरा आणि मग वर्षातून दोन. वाईट कोलेस्टेरॉल साधारण निम्म्याने उतरतं. ते भारतातही मिळतं. मात्र चालू असलेली गोळी बंद करायची की नाही, हे आपलं आपण ठरवू नका. अनेकदा ते गोळीच्या जोडीनेच देतात.

मग कॅन्सरच्या लसीचं काय?

यकृताबाहेरच्या गाठीपर्यंत, तिच्या प्रत्येक पेशीपर्यंत आरएनए नेणं आज जमत नाही. मग एमआरएनएच्या कॅन्सर लसी काम करतात कशा? त्यांना गाठीपर्यंत जावंच लागत नाही. दंडात टोचलेले कण तिथल्या आणि जवळच्या लसिका ग्रंथींतल्या संरक्षक पेशींत गेले की पुरे. त्या पेशींना गाठीची ओळख पटवून दिली जाते आणि शोध घ्यायचं काम त्या करतात.

या दिशेचा सर्वांत ठोस पुरावा त्वचेच्या मेलॅनोमा कॅन्सरचा आहे. शस्त्रक्रिया झालेल्या १५७ रुग्णांच्या एका चाचणीत, प्रत्येकाच्या गाठीनुसार बनवलेली एमआरएनए लस आणि प्रतिकारशक्ती जागवणारं औषध असं दोन्ही दिल्यावर, नुसत्या औषधाच्या तुलनेत आजार उलटण्याचा किंवा मृत्यूचा धोका ४४ टक्क्यांनी कमी दिसला. हे यश उमेद वाढवणारं आहे. पण चाचणी लहान होती, कॅन्सर एकच होता आणि गाठ आधीच काढलेली होती. ‘सगळ्या कॅन्सरवर एक लस’ असा निरोप आला तर तो पुढे पाठवू नका. घरात कुणाची केमोथेरपी चालू असेल तर अशा निरोपाने उपचार सोडायची बुद्धी होते आणि मग हानी भरून येत नाही.

विषाणूलाच कामाला लावलं तर?

पेशीत शिरून आपलं जनुक सोडण्यात विषाणूंइतकं तरबेज कुणीच नाही. म्हणून त्यांच्यातला रोग करणारा भाग काढून आपलं जनुक भरायचं, हा वाहकाचा दुसरा मोठा प्रकार. कोविशिल्डमध्ये चिंपांझीतला एक सर्दीचा विषाणू असाच पांगळा करून वापरला होता आणि त्याच्यात करोनाच्या काटेरी प्रथिनाचा डीएनए होता. म्हणजे आपल्यापैकी बहुतेकांनी न्यूक्लिक आम्लाचं (डीएनए-आरएनएचं) औषध नॅनोवाहकातून घेतलेलं आहे, तेही २०२१ मध्येच.

१६ कोटींच्या इंजेक्शनमध्ये एएव्ही नावाचा, अवघ्या २५ नॅनोमीटरचा विषाणू आहे. त्याचा निवडलेला उपप्रकार मज्जारज्जूतल्या चेतापेशींपर्यंत जातो, म्हणून स्नायू दुबळे करणाऱ्या त्या आजारात तो वापरता आला. पण त्याच्यात साधारण ४,७०० अक्षरंच मावतात. डुशेन या मुलांच्या स्नायूंच्या आजारात लागणाऱ्या जनुकाचा कामाचा भागच सुमारे ११,००० अक्षरांचा आहे. तो पूर्णपणे बसवता येत नाही, कापून छोटा करावा लागतो. आणखी एक मोठी मर्यादा आहे. जनुकोपचारात विषाणूवाहक एकदा दिला की शरीर त्याच्याविरुद्ध प्रतिपिंडं बनवतं. मग तोच वाहक सहसा दुसऱ्यांदा देता येत नाही. डोस कमी पडला तरी पुन्हा संधी नाही.

एकाच शहरातले दोन रुग्ण

सप्टेंबर १९९९ मध्ये अमेरिकेतल्या फिलाडेल्फियात अठरा वर्षांचा एक मुलगा जनुकोपचाराच्या चाचणीत दगावला. त्याच्या यकृतात अमोनिया निपटणारं एक एन्झाइम कमी होतं. योग्य जनुक सर्दीच्या विषाणूत भरून दिलं, पण त्या वाहकाविरुद्ध शरीराने इतका जबर प्रतिकार केला की एकामागून एक अवयव निकामी झाले. हे सगळं क्षेत्र त्यानंतर अनेक वर्षं मागे गेलं.

२०२५ मध्ये त्याच शहरात त्याच आजारांच्या कुळातल्या, अमोनिया न निपटणाऱ्या एका तान्ह्या बाळावर उपचार झाले. त्याच्या जनुकातल्या नेमक्या एका अक्षराची चूक दुरुस्त करणारं औषध फक्त त्याच्यासाठी सहा महिन्यांत बनवलं होतं. वाहक होता मेदकण. त्याच्याविरुद्ध विषाणूसारखी प्रतिपिंडं बनत नाहीत, म्हणून आधी अगदी थोडा डोस देऊन पाहता आला, मग वाढवत आणखी दोन देता आले. बाळाला जास्त प्रथिनांचा आहार सोसू लागला, औषधं कमी करता आली. हे शक्य झालं याचं एक कारण आजार यकृतातला होता. तेच एन्झाइम मेंदूत कमी असतं, तर आजचा मेदकण तिथे गेलाच नसता.

‘याने माझा डीएनए बदलेल का?’

एमआरएनए आणि गप्प करणारा आरएनए केंद्रकात जाऊन डीएनएत मिसळत नाहीत. त्यांचं काम केंद्रकाबाहेर चालतं. कोविशिल्डसारख्या लसीतला डीएनए केंद्रकात जातो, पण आपल्या गुणसूत्रात जोडून घेण्याची यंत्रणा त्याच्याकडे नसते, आणि त्या पेशी काळाच्या ओघात नष्ट होतात. फिलाडेल्फियाच्या बाळाला दिलं तसं जनुक-संपादन मात्र डीएनए बदलण्यासाठीच असतं. तिथे संमती घेताना हा फरक रुग्णाला स्वच्छ सांगितला गेलाच पाहिजे. दोन्हींना एकच नाव देऊन ‘घाबरू नका’ म्हणणं मला गैर वाटतं.

‘हे कण अंगात साठून राहतात का?’ हाही रास्त प्रश्न आहे. नव्या मेदांमध्ये शरीरातली एन्झाइम तोडू शकतील असे दुवे मुद्दाम घातलेले असतात. लसीतला आरएनए बहुतांश काही दिवसांत मोडतो. लसिका ग्रंथींत त्याचे अंश काही आठवडे सापडल्याचीही नोंद आहे. धोके शून्य नाहीत. एमआरएनए लसीनंतर तरुण मुलांमध्ये क्वचित हृदयाच्या स्नायूला सूज आली. फायझरच्या लसीच्या सुरुवातीच्या नोंदींत तीव्र अ‍ॅलर्जी दहा लाख डोसमागे साधारण पाच जणांना आली. शिरेतून मोठा डोस द्यायचा असतो तिथे यकृतावर ताण येतो. ऑक्टोबर २०२५ मध्ये मेदकणातून दिल्या जाणाऱ्या एका जनुक-संपादन औषधाच्या मोठ्या चाचण्या यकृताला गंभीर इजा दिसल्यामुळे थांबवाव्या लागल्या. निरोगी माणसाला लस देताना आणि जीवघेण्या आजारात औषध देताना हे धोके एकाच मापाने मोजता येत नाहीत.

हिंजवडीतली कोरडी लस

मेदकण आणि त्यातला आरएनए पाण्यात असले की हळूहळू बिघडतात. म्हणून फायझरची लस सुरुवातीला उणे ७० अंशांच्या आसपास ठेवावी लागे. आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात लसींसाठी आयएलआर असतो, बर्फाच्या अस्तराचा फ्रिज. तो २ ते ८ अंश राखतो. भोर किंवा जुन्नरच्या डोंगराळ भागात वीज गेली तरी त्यातल्या लसी काही काळ टिकतात. उणे ७० ची लस तिथे नेणं शक्यच नव्हतं.

हिंजवडीच्या जिनोव्हा कंपनीने हीच अडचण आधी धरली. जून २०२२ मध्ये आणीबाणीच्या वापराला परवानगी मिळालेली त्यांची जेमकोव्हॅक-१९ ही भारताची पहिली एमआरएनए लस २ ते ८ अंशांना टिकते, कारण ती गोठवून, निर्वातात पाणी उडवून कोरडी केलेली असते आणि टोचण्याआधी पुन्हा द्रवरूप करतात. जून २०२३ मध्ये आलेली तिची ओमायक्रॉनसाठीची आवृत्ती तर सुईशिवाय कातडीत देतात. तोवर लसीकरणाची घाई ओसरली होती, म्हणून फार लोकांना हे नाव ठाऊक नाही. माझ्या दृष्टीने पुण्यात झालेलं हे फार मोलाचं काम आहे, आणि ते लस कोणत्या रोगाची होती यापेक्षा ती आयएलआरमध्ये राहू शकते, यासाठी.

किंमतीचा प्रश्नही वाहकापाशीच येतो. विषाणूवाहक जिवंत पेशींमध्ये वाढवावे लागतात, शुद्ध करावे लागतात. ते महाग पडतात. मेदकण रसायनांपासून बनतात, मोठ्या प्रमाणावर स्वस्त होऊ शकतात. पण त्यातल्या कळीच्या मेदांवर पेटंट आहेत. २०२२ मध्ये आर्ब्युटस आणि जेनेव्हंट या कंपन्यांनी मॉडर्नाला कोर्टात खेचलं, ते मेदकणाच्या पेटंटवरून. आपल्याकडे स्वतःचे मेद, स्वतःची कृती असेल तर किंमत ठरवणं आपल्या हाती राहील. सार्वजनिक पैसा यावर लागायला हवा, असं माझं ठाम मत आहे.

गडचिरोली आणि नंदुरबारसाठी

महाराष्ट्रात याचा सर्वांत मोठा उपयोग सिकलसेलमध्ये होऊ शकतो. गडचिरोली, चंद्रपूर, नंदुरबार या भागांतल्या आदिवासी कुटुंबांमध्ये हा आजार पिढ्यान्‌पिढ्या आहे. केंद्राने जुलै २०२३ मध्ये त्यासाठी राष्ट्रीय मोहीमही सुरू केली. २०२३ च्या अखेरीस ब्रिटन आणि अमेरिकेत सिकलसेलवर जनुक-संपादनाच्या उपचाराला परवानगी मिळाली. पण बिघाड आहे अस्थिमज्जेतल्या मूळ पेशींत आणि तिथपर्यंत औषध नेणारा भरवशाचा वाहक नाही. त्यामुळे रुग्णाच्या मूळ पेशी बाहेर काढाव्या लागतात, प्रयोगशाळेत दुरुस्त कराव्या लागतात, रुग्णाला तीव्र केमोथेरपी द्यावी लागते आणि मग त्या पेशी परत सोडाव्या लागतात. अमेरिकेत त्याची किंमत २२ लाख डॉलर आहे. नंदुरबारमधल्या धडगावातल्या मुलीला हे कुठून मिळणार?

२०२३ मध्ये शास्त्रज्ञांनी मेदकणांवर मूळ पेशी ओळखणारं प्रतिपिंड चिकटवून ते उंदरांच्या शिरेत सोडले आणि अस्थिमज्जेतल्या मूळ पेशींपर्यंत आरएनए नेऊन दाखवला. पेशी बाहेर काढण्याची गरज पडली नाही. माणसांत हे सुरक्षितपणे जमलं, तर केमोथेरपी आणि प्रत्यारोपणाच्या खोलीऐवजी जिल्हा रुग्णालयात सलाइनमधून उपचार देता येतील. त्यासाठी जनुक दुरुस्त करणारी साधनं आज हाताशी आहेत. मज्जेपर्यंत जाणारा, स्वस्त आणि आयएलआरमध्ये टिकणारा कण अजून बनायचा आहे.